गट बंद करू नकोस

वास्को, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. ‘बायबल-वाचनाचा आणि प्रार्थनेचा गट बंदच करून टाकावा’ हे तू रागाने लिहिलंस की थकून, ते कळलं नाही. पण निदान नाताळापर्यंत तरी थांब. तेच चेहरे, तीच गाणी, कुणाचा गुडघा आणि कुणाच्या मुलाची नोकरी याच प्रार्थना-विनंत्या, नवा माणूस आला की पुढच्या आठवड्यात गायब. हे आमच्याकडेही होतंच.

आमची मराठी मंडळी विखुरलेली. कुणी बंदरात, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात. शिफ्ट बदलली की माणूस महिनाभर दिसत नाही. आम्ही पुस्तकं बदलली, वार बदलला, गिटारही आणली. फरक शून्य. कारण बोलणारा एकच आणि बाकीचे माना डोलावणारे. बायबलमध्ये प्रेषित पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आमच्या बैठका तळमजल्यावर होत्या, एवढंच नशीब!

करिंथकरांस पहिल्या पत्रात (14:26) पौल म्हणतो, तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काही ना काही असतं. तेवढंच धरलं. गाणं एकाने निवडायचं, उतारा दुसऱ्याने वाचायचा, प्रश्न तिसऱ्याने विचारायचा आणि गटप्रमुखांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. सुरुवातीला फार अवघड गेलं. लोक पंख्याकडे बघत बसायचे. मग एकदा उधळ्या पुत्राचा उतारा होता, पैसे उडवून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो ती येशूची गोष्ट. आमच्यातल्या एका मावशींना वाचता येत नाही, म्हणून तो दोनदा वाचला. त्यांनी विचारलं, “घरात वाजंत्री सुरू झाली, आणि शेतातल्या मोठ्या पोराला बोलवायला कुणीच कसं गेलं नाही? त्याला गड्याला विचारावं लागलं!” इतकी वर्षं तो अध्याय ऐकतोय, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी सगळे बोलले, आणि बोलता बोलता विषय शिफ्टवाल्यांवर आला. त्यांना तरी कोण बोलवायला गेलं होतं?

आता दोघं-दोघं जाऊन त्यांना घरी भेटतात. व्हॉट्सॲपवर वचन टाकणं म्हणजे भेट नव्हे, हे मी सगळ्यांना ऐकवतो आणि कंटाळा आणतो. इंग्लंडमधला धर्मोपदेशक जॉन वेस्ली, त्याच्या मेथडिस्ट पंथाचे गट 1742 साली तिथल्या ब्रिस्टल शहरात कसे सुरू झाले माहीत आहे? सभागृहाचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची होती. साधारण बारा जणांमागे एक वसुली करणारा. पैशासाठी दारोदार गेल्यावर कुठे भांडण आहे, कुठे दारू आहे, हे त्यांना दिसू लागलं, आणि त्या वसुलीतूनच एकमेकांची विचारपूस करणारे गट उभे राहिले. अभ्यासक्रम काढून बसले असते तर झालं असतं का, मला शंका आहे.

अजून एक, खाण्याचं. एका घरच्या बैठकीत केक झाला की दुसऱ्या घरी बिर्याणी. मग ज्यांची ऐपत नाही ते ‘आमच्या घरी नको’ म्हणतात आणि हळूहळू यायचेच थांबतात. आम्ही फक्त चहा ठरवला. कुरकुर झाली, पण ज्या घरांत आम्ही कधी गेलो नव्हतो तिथून बोलावणी आली.

गट मोठा झाला तर एकदम तोडू नका, माणसं दुखावतात. दुसरा गट चालवणारे दोघं आधीपासूनच सोबत तयार करा. तुझ्याकडे ती वेळ अजून लांब आहे म्हणा.

तुमच्या पाळकसाहेबांशी बोल आणि काय म्हणाले ते कळव. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद. सुट्टीत इकडे ये. बैठकीच्या दिवशी आलास तर उतारा तुलाच वाचायला लावणार.

तुझा,
वास्कोकर मित्र