दादरमध्ये संध्याकाळी डेटा ठप्प होण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल सेवा विभाग, मुंबई

विषय: रानडे रोड, दादर (पश्चिम) येथील नेटवर्कची क्षमता वाढवण्याबाबत, आधीची तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

महोदय,

रानडे रोडवर माझं मॅचिंग सेंटर आहे. दुकानातला फोन आणि पैसे जमा झाल्याचं सांगणारा साउंडबॉक्स, दोन्हींत तुमचंच सिम आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटून रस्ता भरला की सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, पण डेटा जागचा हलत नाही.

गेल्या आठवड्यात एका ताईंनी अस्तर आणि फॉलचे 340 रुपये स्कॅन करून भरले. त्यांच्या खात्यातून पैसे कापले गेले, आमचा बॉक्स गप्प. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, कडेवरचं मूल रडतंय. शेवटी त्या म्हणाल्या, "मी काय खोटं बोलतेय का?" त्या निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने बॉक्स बोलला. जुन्या गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवावं लागलं, हे मला फार लागलं.

माझी तक्रार तुम्ही "परिसरात कव्हरेज उत्तम आहे" असा मेसेज पाठवून बंद केलीत. तुमचा माणूस सकाळी अकराला आला, रिकाम्या रस्त्यावर स्पीड तपासला आणि गेला. कव्हरेज नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं. टॉवरच्या एका सेक्टरची, म्हणजे एका दिशेला सेवा देणाऱ्या भागाची, क्षमता त्या वेळी वापरात असलेल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांची गर्दी जिथे उतरते तिथे संध्याकाळी ती पुरत नाही. कॉल लागतो म्हणून नेटवर्क ठीक आहे, असं कस्टमर केअर सांगतं. पण फोर-जीवर कॉलला प्राधान्य मिळतं, आमच्या पेमेंटला नाही.

यावर उपाय तुम्हाला माहीत आहेत. सेक्टर विभागता येतात, जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचे जास्त पट्टे, लावता येतं. रस्त्यालगत स्मॉल सेल, म्हणजे कमी पल्ल्याची छोटी नेटवर्क यंत्रं, बसवले तर टॉवरवरचा भार उतरतो. ते पथदिव्यांच्या खांबांवर लावणं सोपं व्हावं म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये नियमही बदलले. नवा टॉवर उभारायला मुंबईत जागा मिळत नाही हे मान्य, पण खांब तर दारातच आहेत.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या गर्दीत चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरच्यांशी संपर्क करता येणं ही माझ्या 340 रुपयांपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. शिवाजी पार्क परिसरात चाकांवरचे तात्पुरते टॉवर पुरेशा संख्येने आणि आदल्या दिवसांपासूनच उभे राहिले पाहिजेत. गणपती-दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत रानडे रोडलाही हीच सोय हवी.

माझी तक्रार पुन्हा उघडा. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत, कामाच्या दिवशी आणि रविवारीही, दुकानासमोर मोजणी करा. सेक्टरवर किती भार येतो आणि क्षमता कधीपर्यंत वाढवणार, हे लेखी कळवा. पुन्हा कव्हरेजचंच उत्तर आलं तर मी तुमच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन. पेमेंट अडकल्याचे स्क्रीनशॉट वेळेसह सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
मॅचिंग सेंटर चालक, रानडे रोड, दादर (पश्चिम)