कवटी कुणाकडे बघते?

हुपरी

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं. उत्तर कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय, कारण फोनवर बोटानं एवढं टाइप करायचं म्हणजे माझी सगळी संध्याकाळ जाईल. तू दोन गोष्टी विचारल्यास: चांदीत कवटीची अंगठी केली तर घरात चालेल का, आणि डिझाइन कसं वाटलं.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. आजीला चित्र दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "शंकराच्या गळ्यात हाय की अख्खी माळ." विषय संपला. ती म्हणते ते खरंच आहे. घारापुरीच्या लेण्यात अंधकासुराला मारणारा शिव आठवतोय ना? हात बरेचसे तुटलेत, पण मुकुटात कपाळाच्या वर कवटी कोरलीय आणि खांद्यावरून खाली रुंडमाळ आलीय. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात तर नुसत्या हाडांच्या सापळ्याचा काल, म्हणजे साक्षात मृत्यू, बसलाय. तेव्हा अभद्र म्हणून आपल्याकडे कुणी नाक मुरडलं तर त्याला आधी लेणी बघून ये म्हणावं. आई एवढंच म्हणाली की सणावाराला घालू नकोस, एरवी तुझं तू बघ.

डिझाइनबद्दल मात्र मला बोलायचंय. कवटी कुणाकडे बघते, हे तू ठरवलेलं दिसत नाही. तू काढलीय तशी केली तर हात पुढे केल्यावर समोरच्याला ती सुलटी दिसेल आणि तुला उलटी. तुला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण मला वाटतं अंगठीचा सगळा अर्थ तिथंच ठरतो.

जुन्या युरोपातली कवटी घालणाऱ्यासाठी असायची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक सोन्याची अंगठी आहे. वर मीनाकामातली कवटी, आणि भोवती इंग्रजीत 'शेवट पाहा' अशा अर्थाचे शब्द. हे दुसऱ्याला बजावलेलं नाही, बोटात घालणाऱ्यानं स्वतःलाच बजावलेलं आहे. १६४९ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलं, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं चिमुकलं चित्र आणि कवटी असलेल्या अंगठ्या घातल्या. काहींत चित्र झाकणाखाली दडवलेलं असे, कारण ते उघड मिरवायची सोय नव्हती. त्याच शतकात जिनिव्हात चांदीच्या कवटीची घड्याळं होत. वेळ बघायची तर जबडा उघडायचा, तबकडी आत. गंमत म्हणून हसायचं की घाबरायचं कळत नाही, पण ज्या कारागिराला हे सुचलं त्याच्या हाताला मी नमस्कार करतो.

आता दुसरी कवटी. तीच हाडं, पण तोंड बाहेर. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक, त्याच्या काळ्या गणवेशातल्या हुसार घोडदळानं १७४१पासून ती टोपीवर लावली, कवटी आणि मागे फुलीसारखी दोन हाडं. ती शत्रूनं बघायची होती. पुढे नाझींच्या एसएस या सशस्त्र संघटनेनं हेच चिन्ह उचललं. तिचा प्रमुख हिमलर आपल्या माणसांना चांदीची कवटीची अंगठी द्यायचा, आतल्या बाजूला घेणाऱ्याचं नाव आणि खुद्द हिमलरची सही कोरलेली. माणूस मेला की अंगठी हिमलरकडे परत यायला हवी, असा नियम. म्हणजे बोट तुझं, पण अंगठी कायम त्याची. जिथं इंग्रज सोनार मरणाची आठवण कोरत, तिथं साहेबाची सही! चांदीच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं, पण चांदीचा इतका घाण उपयोग दुसरा मला माहीत नाही.

हे मी तुला इतिहास शिकवायला सांगत नाही. तुझ्या चित्रात कवटीच्या मागे फुलीची हाडं आहेत आणि खालचा जबडाही आहे. तू जर्मनीत बसून हे करतेयस. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली एसएसची कवटी जाहीरपणे दाखवणं किंवा विकणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. तुझी कवटी काही हुबेहूब तशी नाही, हे मान्य. पण फोर्त्सहाइमसारख्या दागिन्यांच्या गावात, तुझ्या प्रदर्शनाच्या टेबलाशी एखादी म्हातारी थबकली आणि तिच्या अंगावर काटा आला, तर तू तिला काय सांगणार? हाडं काढून टाक. जबडाही काढ.

मेक्सिकोची कवटी तिसऱ्याच वळणाची आहे. तिच्या डोक्यावर फुलापिसांची टोपी. पोसादा नावाच्या तिथल्या चित्रकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नटव्या बायकांची थट्टा करायला काढली आणि आता ती त्यांच्या मृतांच्या सणाची राणी होऊन बसलीय. त्या सणाला ते झेंडू वाहतात, आणि आपला दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिथलाच. पण हा घाट तू घेऊ नकोस. त्यांच्या घरचा आहे, आणि बाजारात त्याचा पार चोथा झालाय.

जबडा काढ म्हणालो त्याला कामाचंही कारण आहे. त्या रोलिंग स्टोन्स बँडवाल्या कीथ रिचर्ड्सच्या बोटात जी प्रसिद्ध चांदीची कवटी आहे, ती लंडनच्या कोर्ट्स आणि हॅकेट या दोन सोनारांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी केलेली. तिला खालचा जबडा नाही. वरचे दात थेट बोटावर टेकतात, त्यामुळे ती बोटावर चिकटवल्यासारखी न वाटता तिथं येऊन बसल्यासारखी वाटते. तिला रागही नाही आणि हसूही नाही. भुवया आवळून दात विचकणाऱ्या कवट्या विकत मिळतात ना, त्या करणाऱ्यांनी खरी कवटी कधी बघितलेली नसते. हाडाला भुवई नसते गं. तू एखाद्या मेडिकल कॉलेजात जा, परवानगी काढ आणि दोन दिवस बसून नुसती चित्रं काढ.

मेण, म्हणजे ज्यावरून चांदी ओतायची तो मेणाचा नमुना, करताना गालाच्या हाडाकडे लक्ष दे. ते कानापासून डोळ्याखाली कमानीसारखं येतं आणि त्याच्या मागे पोकळी असते. रबर डाय, म्हणजे मेणाचा रबरी साचा, साधी दोन भागांत कापलीस तर मेण ओढताना ती कमान पहिल्यांदा तुटेल. त्या पोकळीसाठी डायचा वेगळा तुकडा काप. कमान एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नकोस, चांदी तिथवर पोचायच्या आत थिजते. आणि डोकं आतून पोकळ कर. एक घनसेंटिमीटर चांदी म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या आसपास. भरीव ठेवलीस तर गिऱ्हाईकाचा खिसाही रिकामा होईल आणि जाड भागात ओतीव कामाला भोकं पडतील ती वेगळीच.

दात रेघा मारून दाखवू नकोस. प्रत्येक दाताला आपला फुगवटा असतो.

शेवटचं काळं करण्याबद्दल. पूर्ण अंगठी गंधकाच्या पाण्यात बुडवून काळीभोर करायची फॅशन आहे, आणि पॉलिश चुकलेलं लपवायला ती बरी पडते. तू फक्त डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं भोक आणि दातांच्या फटी काळ्या ठेव, बाकी घासून उजळ कर. वापरात कपाळ आपोआप चमकत जाईल आणि खोबणी आणखी काळवंडतील. जुन्या सोन्याच्या अंगठ्यांवरचा मीना काठावरून उडत जातो, चांदीची कवटी मात्र वापरानं चांगली होते. म्हणून मला हा घाट सोन्यापेक्षा चांदीतच शोभतो.

तर आता ती कवटी तुझ्याकडे वळव. मेणाचं पहिलं पीस झालं की समोरून, बाजूनं आणि मागून फोटो पाठव. मागचा विसरू नकोस, पोकळीची जाडी मला तिथंच कळेल. आत काय कोरायचं ते तुझं तू ठरव. चांदीच्या शुद्धतेचा ९२५चा शिक्का मारून दहा-बारा अक्षरांचीच जागा उरेल.

तुझे,
आप्पा