हिंगोलीला ऐकू न येणाऱ्या लहरी

महोदय,

औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या बातमीशेजारी कृष्णविवर आणि भोवती झगझगीत वायूची तबकडी असे चित्र हमखास असते. पण सगळीकडे सारखी पसरलेली तबकडी कितीही गरगरली तरी गुरुत्वीय लहरी निघत नाहीत. वस्तुमान एका अंगाला हवे: मोठ्या कृष्णविवराभोवती प्रदक्षिणा घालणारा न्यूट्रॉन तारा किंवा छोटे कृष्णविवर.

मधले कृष्णविवर दहा लाख सूर्यांइतके जड आणि स्वतःभोवती न फिरणारे धरा. शेवटची स्थिर वर्तुळाकार कक्षा श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, म्हणजे क्षितिजाच्या, त्रिज्येच्या) तिप्पट अंतरावर. तिथली एक फेरी आपल्या घड्याळाने ४५५ सेकंदांची. दर फेरीला लहरीची दोन आवर्तने, म्हणजे ४.४ मिलिहर्ट्झ. जमिनीच्या हादऱ्यांमुळे लायगोला साधारण १० हर्ट्झखालचे काही ऐकू येत नाही. हे काम 'लिसा' या अंतराळातल्या वेधशाळेचे: तीन अंतराळयाने, परस्परांपासून २५ लाख किलोमीटरवर, उड्डाण २०३५च्या सुमारास.

पाठ्यपुस्तकातले सूत्र पुरते, असा गणिताबद्दलही गैरसमज आहे. लहरींतून किती ऊर्जा जाते हे सांगणारे हे चतुर्ध्रुवी सूत्र श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या पाचपट अंतरावर ऊर्जेचा ऱ्हास ४ टक्के जास्त दाखवते, तिप्पट त्रिज्येवर सुमारे १२ टक्के कमी. चूक दिशाच बदलते, त्यामुळे एखादा गुणक लावून भागत नाही. लाखभर फेऱ्यांत हजारो फेऱ्यांचा हिशेब चुकतो, गणिताने काढलेली लहर खऱ्या लहरीशी जुळत नाही आणि गोंगाटातून संकेत सापडतच नाही.

म्हणून कृष्णविवराभोवतीच्या लहरींसाठीचे भौतिकशास्त्रज्ञ टुकोल्स्की यांचे १९७३चे समीकरण प्रत्येक कंपनप्रकारासाठी वेगळे सोडवायचे, दूर जाणाऱ्या ऊर्जेत क्षितिजाआड जाणारीही मिळवायची आणि तेवढी कक्षा आवळायची. खरी खोच इथे आहे. समीकरणाच्या उत्तरात बाहेर जाणारा भाग अंतराच्या घनाने वाढतो, आत येणारा अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर हजारपट झाले की दोहोंतली तफावत १ वर १२ शून्यांइतकी वाढते. संगणकाची नेहमीची अचूकता जेमतेम १६ अंकांची. लहान भाग त्यात बुडतो आणि उत्तर दिसायला गुळगुळीत पण चुकीचे येते. समीकरण वेगळ्या रूपात मांडणारे सासाकी-नाकामुरा रूपांतर किंवा मानो-सुझुकी-ताकासुगी यांची श्रेणी वापरली की हे टळते.

एवढे करूनही लहान वस्तूच्या स्वतःच्या गुरुत्वाचा तिच्याच कक्षेवर होणारा परिणाम दुसऱ्या क्रमापर्यंत धरावा लागतो, नाहीतर लहरीच्या कलेत (फेजमध्ये) रेडियनभराची चूक उरते.

प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी लंबवर्तुळाकार कक्षेला हात घालण्याआधी वर्तुळाकार कक्षा तपासावी. पाचपट त्रिज्येवर एकूण ऱ्हास चतुर्ध्रुवी सूत्राच्या ०.९६१ पट यायला हवा. १.००च्या आसपास आला, तर बहुधा जुने सूत्रच कुठेतरी शिल्लक राहिले आहे.

- एक वाचक, पुणे