शेवटी चालणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही गावी गेलात. फोनवर बोलणं होतं, पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बरं बरं, पाऊस काय म्हणतो ठाण्यात?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. रविवारी येऊरच्या जंगलात चालायला जाणाऱ्या आपल्या गटात या वर्षी बरीच नवी माणसं आली आहेत. त्यांना लीडर दिसतो, कारण तो पुढे असतो. तुम्ही मागे राहून काय करत होतात ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

माझा पहिला रविवार फेब्रुवारी २०२२चा. करोनामुळे बंद पडलेल्या फेऱ्या नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. आई जाऊन पाच महिने झाले होते. त्याआधीची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली आणि मी तिच्या उशाशी. औषधाचं दुकान आणि किराणा, एवढाच माझा फेरा उरला होता. वर्तकनगरात राहून येऊरचा डोंगर मी फक्त गॅलरीतून बघत होते. शेजारच्या वहिनींनी मला न विचारता माझं नाव दिलं आणि त्या दिवशी पहाटे येऊरच्या टीएमटी बसमध्ये हाताला धरून बसवलं.

जंगलाच्या गेटवर नावं लिहून झाली आणि पहिल्याच चढावर माझी छाती धपापायला लागली. वहिनी पुढच्या गप्पांत पुढे गेल्या. वळणाआड माणसं दिसेनाशी झाली, तसं मला रडू यायला लागलं. दम लागला होता म्हणून नाही. दोन वर्षांत आपलं शरीर कुठल्या कुठे गेलं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं म्हणून. मागे वळून पाहिलं तर तुम्ही होतात. गळ्यात लाल दोरीची शिट्टी, पाठीवर ती जुनी खाकी सॅक.

"काका, तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू."

"माझी जागा तुमच्या मागे आहे, ताई. तुम्ही उभ्या राहिलात की मी पण उभा."

एवढंच बोललात. 'चला, पटपट' नाही, 'थोडंच राहिलंय' नाही. चार पावलं टाकलीत आणि एका झाडाच्या खोडावर हात ठेवून म्हणालात, "हा ऐन. साल बघा कशी भेगाळलेली. मगरीची पाठ वाटते की नाही?" मी खोडाला हात लावला. चौकटी चौकटींची, खरखरीत, उन्हाने कोमट झालेली साल. मी बघत राहिले आणि बघता बघता माझा श्वास जागेवर आला. मग तुम्ही म्हणालात, "चला."

पुढे कांडोळ दाखवलात. एक पान अंगावर नाही, पांढरंफटक खोड, कागदासारखी सुटणारी साल. पाड्यावरची माणसं त्याला भुत्या का म्हणतात ते चांदण्या रात्री कळेल, असं म्हणालात. मग पळस. मग कारवीच्या वाळक्या काठ्या. ही सात वर्षांनी एकदाच फुलते, फुलली की मरते, आणि हिच्याच काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमाती लिंपली की घराची भिंत होते, हे सांगितलंत. मला वाटलं, झाडांची भारी आवड आहे या माणसाला.

परतीच्या वाटेवर घसाऱ्यावरून उतरताना माझ्या उजव्या बुटाचा सोल तोंड उघडून बसला. चार-पाच वर्षं कपाटात पडून राहिलेले बूट. नुसते ठेवले तरी आतला गोंद मरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तुम्ही मला दगडावर बसवलंत, सॅकमधून सुतळी काढलीत आणि खाली बसलात. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या बुटाला हात लावतोय म्हणून मी पाय मागे घेतला. तुम्ही लक्षच दिलं नाहीत. चवड्याखालून दोन वेढे, टाचेमागून एक, आणि गाठ वर, लेसच्या बाजूला. "गाठ तळाला आली तर दर पावलाला टोचते आणि दगडावर घासून तुटते," म्हणालात. त्या सुतळीवर मी घरापर्यंत आले. रात्री ती सोडवताना आईनंतर पहिल्यांदा मला भूक लागली होती. हे तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी फारसा रविवार चुकवला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तुम्ही विचारलंत, "ताई, मागे चालाल का माझ्याबरोबर?" मी हो म्हटलं आणि माझी खरी शाळा सुरू झाली.

फाट्याचा नियम पहिला. वाटेला फाटा फुटला की पुढच्यांपैकी एकाने तिथे उभं राहायचं, आणि मागचा माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही. येऊरच्या जंगलात ढोरवाटा एवढ्या आहेत की मळलेली वाट कुठली आणि गुरांची कुठली, हे पानगळीत नवख्याला कळतच नाही. चकवा लागला म्हणतात तो बहुतेक वेळा असाच लागतो. शिट्टीचंही ठरलेलं: एक लांब म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत हवी. उगीच कोणी वाजवली तर तुम्हाला राग यायचा. तुम्हाला राग आलेला मी तेवढ्याच कारणावरून पाहिला.

आणि थांब्याचा नियम. मला तर तो आपल्या गटाचा प्राण वाटतो. पुढची माणसं टेकाडावर पोचतात, बसतात, पाणी पितात, संत्रं सोलतात. मागचा धापा टाकत पोचतो, तेवढ्यात पुढचे उठतात, "आले सगळे? चला." म्हणजे ज्याला विसावा हवा, नेमका त्यालाच तो मिळत नाही. तुम्ही लीडरला ठाम सांगितलं होतंत, थांब्याची पाच मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. घड्याळ काढून मोजायचात. पुढच्या तरुण मुलांची चुळबुळ व्हायची, तुम्ही घड्याळावरून नजर काढायचा नाहीत. इतर गटांबरोबरही मी चालले आहे. चांगले गट आहेत ते, पण ही पाच मिनिटं मला दुसरीकडे कुठे दिसली नाहीत.

एकदा धुळीत ठसा दिसला होता, आठवतं? बरोबरच्या दोन मुली घाबरून एकमेकींना चिकटल्या. तुम्ही उकिडवे बसलात आणि बोट न टेकवता दाखवलंत, "नखं उमटलीत का बघा. कुत्र्याची उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो." नखं नव्हती. "हे त्यांचं घर आहे. आपण पाहुणे. पाहुण्याने घोळक्याने चालावं, ओरडू नये आणि अंधाराच्या आत निघावं." वारली लोक वाघोबाला देव मानतात, शेंदूर लावतात, तेही सांगितलंत. बोलता बोलता तुम्ही त्या मुलींना मधे घेतलंत आणि स्वतः कडेने चालू लागलात. भीतीला तुम्ही हसला नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं.

आता वहीबद्दल लिहिते.

गावी जायच्या आदल्या दिवशी तुम्ही शिट्टी आणि दोनशे पानी वही माझ्या हातात दिलीत. मला वाटलं, झाडांची नोंद असेल. होतीच. पानांवर चिकटवलेली वाळकी पानं, पाड्यावरच्या मावशींकडून ऐकून लिहिलेली नावं. पण प्रत्येक नावाआधी एक आकडा होता. 'गेटापासून ६१० पावलं, पहिला चढ संपतो तिथे, उजवीकडे. ऐन.' 'तिथून २४० पावलं, दगडी पायऱ्यांनंतर. कांडोळ.' 'ओढा ओलांडल्यावर १८० पावलं. कारवी.' आणि एका पानावर: 'इथे दाखवण्यासारखं झाड नाही. वारूळ दाखवावं.'

ते वारुळाचं पान वाचलं आणि मी वही मिटून बसले. एकही दुर्मीळ झाड नव्हतं त्या वहीत. माणसाचा दम जिथे संपतो, तिथे उभी असलेली झाडं होती. तुम्ही वाट पावलांनी मोजलीत, चढ कुठे जड जातो ते बघितलंत, आणि तिथे जे असेल त्याचं नाव शिकून घेतलंत. म्हणजे मागच्या माणसाला 'मी थकले' असं म्हणावंच लागू नये. वागळे इस्टेटच्या कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाने, साठीनंतर, पाड्यावर जाऊन जाऊन झाडांची नावं पाठ केली, ती माझ्यासारख्यांना न लाजता उभं राहता यावं म्हणून.

काका, मी दोन वर्षं तुमच्याबरोबर चालले आणि मला हे कळलं नव्हतं. त्यासाठी आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

तुमच्या मागे काय चाललं आहे ते सांगते. मार्चमध्ये एक गृहस्थ नव्याने आले होते, पंचावन्नच्या आसपासचे. वारुळाच्या अलीकडे त्यांचं बोलणं तुटक व्हायला लागलं. कपाळावर घाम आणि हात थरथरत होते. गटाच्या नोंदवहीत 'कोणती औषधं चालू' हा रकाना तुमच्या हट्टाने घातलेला. त्यात त्यांनी मधुमेहाची गोळी लिहिली होती. विचारलं, तर सकाळी गोळी घेतली होती आणि खाल्लं काहीच नव्हतं. मी एक लांब शिट्टी दिली, त्यांना सावलीत बसवलं, तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. मग वहिनींच्या डब्यातली पोळी-भाजी. रंग परत आला, तशी त्यांची पहिली काळजी काय असावी? "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला." मी म्हटलं, "दादा, माझी जागा तुमच्या मागेच आहे." हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते कोणाचं आहे ते मला आतून जाणवलं. त्यांना गटाबरोबर पुढे नेलं नाही. एका जोडीदाराला घेऊन गेटपर्यंत सोडलं, मुलगा गाडी घेऊन आला. ते एप्रिलमध्ये परत आले, नाश्ता करून.

फेब्रुवारीत वनखात्याच्या लोकांबरोबर दोन रविवार जाळरेषेच्या कामाला गेलो होतो. वाळकं गवत आणि पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा लागलाच तर तिथे अडतो. खाजकुहिलीने दोघांना चांगलंच छळलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चोळू दिलं नाही, चिकटपट्टीने कुसं काढली. प्लास्टिक उचलायची फेरी महिन्यातून एकदा असतेच. बाटल्या कमी होत नाहीत, त्याचं फार वाईट वाटतं.

पहिल्या पावसानंतर जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळं ही रानभाजी आली. पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. तुमची आठवण झाली, कारण जंगलातून एक देठही तोडायचा नाही, खायची असतील तर त्यांच्याकडून पैसे मोजून घ्यायची, हा दंडक तुमचाच. घेतली, खाज मारणारी काकडाची फळं घालून केली, घसा खाजला नाही.

आता तुम्हाला विचारायचं आहे ते. मेअखेरीच्या वादळात कांडोळ पडला. गेल्या गुरुवारी पायलटला, म्हणजे वाट आधी बघून यायला, गेलो तेव्हा पाहिलं. मुळासकट उपटून वाटेत आडवा होता, साल अजून तशीच पांढरी. मी बराच वेळ त्याच्यापाशी उभी होते. पण दगडी पायऱ्या तिथेच संपतात आणि माणसं तिथेच थकतात. आजूबाजूला बघितलं. डावीकडे एक कुड्याचं झाड आहे, पण तो पाच पावलं आधी येतो, पायऱ्यांवरच, तिथे उभं राहता येत नाही. वर एक वेल चढलेली आहे, तिचं नाव मला येत नाही. खाली गळून पडलेलं पान आणि देठ पाकिटात घालून वेगळं पाठवते आहे. ओळखता आलं तर कळवा. नाहीतर 'तिथून २४० पावलं' या ओळीपुढे काय लिहू, ते सांगा. रविवारी नऊ नवी नावं आहेत.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
मागून चालणारी ताई
ठाणे