गोळ्या गटाने आणाव्यात

संपादक महाशय,

एचआयव्हीच्या गोळ्या सुटतात त्या बहुधा हलगर्जीपणाने नव्हे. रजा मिळत नाही, औषध केंद्राच्या रांगेत कुणी ओळखीचे भेटेल ही धास्ती असते. यावर या गोळ्या घेणाऱ्या सहा जणांचा गट बरा. पाळीपाळीने एकाने केंद्रात जावे, सगळ्यांच्या गोळ्या आणाव्यात, आपली तपासणीही उरकावी. डब्या मात्र फोडून वाटू नयेत, अदलाबदल तिथेच होते.

डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरील औषधाची गोळी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडआधी (आम्लपित्तावरील औषधाआधी) 2 तास किंवा नंतर 6 तासांनी घ्यावी. एकत्र घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. हे गटातल्या माणसाने सांगितलेले जास्त लक्षात राहते!

कंडोम फाटल्यास एचआयव्ही नसलेल्या जोडीदाराला 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, 28 दिवसांचा प्रतिबंधक औषधोपचार सुरू करावा लागतो. तो कुठे मिळतो, हे गटाला आधीच ठाऊक हवे.

– काही समुपदेशक