तुम्ही वहीत टिपून घेतलंत, त्याबद्दल

आदरणीय बाई,

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण लॉस एंजेलिसमध्ये मला कोणी सावरलं ते माझ्या घरच्यांनाही कळायला हवं.

चिकानो (म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) लोकांच्या अभ्यासात पीएचडी करतोय म्हटलं की ‘तुझा काय संबंध?’ ठरलेलं. गावाकडचे म्हणाले, मेक्सिकन मजुरांवर डॉक्टर होऊन नोकरी कोण देणार? त्यांचं मी समजू शकतो. पण ज्यांच्याकडे मार्गदर्शक व्हा म्हणून गेलो, त्या प्राध्यापकांनीही ‘भारतावर काहीतरी करा की’ म्हणत बोळवण केली. १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसची चिकानो शाळकरी पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली, १९६९ मध्ये सांता बार्बराला विद्यार्थी-प्राध्यापकांनी चिकानो अभ्यासाचा आराखडा लिहिला. त्या रेट्यातून हे विभाग वाढले. तिथे खुर्ची मिळालेल्यानेच दार लावून घ्यावं! असो.

तुमच्या ग्रंथालयात आलो तो कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या १९६५ च्या मजूर-संपाचे कागद बघायला. बोलता बोलता सांगितलं, की आईवडील बीडहून ऊसतोडीला जायचे, मुकादमाची उचल फेडायला. तुम्ही आत गेलात आणि तुमच्या वडिलांची आखूड दांड्याची कुदळ घेऊन आलात. स्पॅनिशमध्ये तिचं नाव एल कोर्तीतो. तिच्याबद्दल मी वाचलं होतं : सालिनासकडच्या लेट्यूसच्या शेतांत ती घेऊन दिवसभर कंबरेत वाकायचं, कोण ताठ झालाय ते मुकादमाला लांबूनच दिसायचं, आणि माणसांच्या पाठी कामातून गेल्यावर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली. हातात मात्र कधी धरली नव्हती. तुम्ही शेजारी वाकून सरीतून कसं सरकायचं ते दाखवलंत, भर वाचनकक्षात.

मग विचारलंत, ‘तुझी आई कोयता कसा धरते?’

मी दाखवलं. बुडख्याशी घाव कसा, वाढं कसं छाटायचं, मोळी कशी बांधायची. आणि तुम्ही वही काढून ते लिहून घेतलंत. बाई, ह्या देशात आल्यापासून माझ्या आईच्या कामाबद्दल कोणी पहिल्यांदाच काही लिहून घेत होतं.

गोड बोलणं म्हणजे सभ्यपणा, असं पुष्कळांना वाटतं. गोड तर ते प्राध्यापकही बोलले, कॉफीसुद्धा पाजली. पण समोरच्याला आपल्यापेक्षा काही जास्त ठाऊक असेल, असं धरून चालणारी माणसं थोडी.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात समितीची नावं आधी घालायची रीत आहे. मी तुमचं आधी घातलंय. कोणाला खटकलं तर खटकू दे.

तुमचा,
बीडचा विद्यार्थी