नरारा सहल : रविवारी पहाटे साडेपाच

सभासदांना आठवण. बस जामनगरहून नराराला, म्हणजे कच्छच्या आखातातल्या प्रवाळांच्या किनाऱ्याला, ५.३० ला सुटेल. पाणी ओसरलेलं असतानाच प्रवाळांपर्यंत चालत जाता येतं, म्हणून सकाळची ओहोटी गाठायची आहे, त्यामुळे कुणासाठीही थांबणार नाही. मरीन नॅशनल पार्कच्या परवान्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

चालणं चिखलातून, पाण्यातून आणि टोकदार प्रवाळखडकांवरून आहे. चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट उत्तम, भिजले तरी हळहळ नाही. गाइडच्या मागेच चाला, जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. शंख रिकामा दिसला तरी उचलू नका, आत बहुधा खेकडा मुक्कामाला असतो. केंड मासा घाबरला की फुगतो. फोटोसाठी त्याला डिवचायचं नाही, कुणी हौसेने दाखवायला लागलं तरी नको म्हणा.

टोपी, पाणी, कोरडे कपडे आणा. नाश्ता किनाऱ्यावर परतल्यावर.